पाठ न सोडणारी कॉफी

मी ठरवलं ते अगदी साधं होतं. एकवीस दिवस कॉफी सोडायची, बस्स. माझ्यासारख्या बाईला ह्यात नवीन काही नाही. नवस बोलायला मला फार मोठं कारण लागत नाही. धाकट्या नणंदेला नोकरी लागावी म्हणून मी चार महिने खुर्चीवर बसले नव्हते (नोकरी लागली, माझे गुडघे मात्र अजून रुसलेले आहेत). न्हाणीघरातला नळ गळायचा थांबावा म्हणून एकदा दर मंगळवारी मौन धरलं होतं. तेव्हा घरातले सगळे म्हणाले, नळाची एवढी काय घाई आहे?

पण ह्या वेळचं कारण खरोखरच मोठं होतं. आमच्या ह्यांचं नाक गेलं होतं.

म्हणजे नाक जागेवर होतं. वास गेला होता. आणि हे कॉफीच्या कंपनीत चाखणारे. पंचवीस वर्षं ह्यांचं काम एकच: रांगेने मांडलेल्या कपांतून एकेक चमचा तोंडात ओढायचा (त्याचा आवाज असा होतो की नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, ह्यांना दम लागतो), जिभेवर फिरवायचा, थुंकायचा आणि सांगायचं की ही कॉफी कुठली, किती उंचीवरची, वाळत घातली तेव्हा तिच्यावर पाऊस पडला होता का. मग एक ताप आला. आठ दिवस राहिला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी? तर म्हणे, ते त्याच्या मनावर.

तीन महिने झाले तरी त्याच्या मनात येईना. शेवटी कंपनीचं पत्र आलं. थोरले चाखणारे (ह्यांच्या टेबलावरची मंडळी त्यांना मागून 'नाकोबा' म्हणतात) चार आठवड्यांनी, शनिवारी, स्वतः घरी येणार. पाच कप मांडणार. त्यांत कंपनीची सगळ्यात दुर्मिळ, एका लांबच्या बेटावरची कॉफी कोणती, ते ओळखायचं. ओळखता आलं तर टेबलावर परत. नाही तर गोदामात, पोत्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला.

ह्यांनी पत्र वाचलं, घडी केली आणि खिशातला चाखायचा चमचा काढून रुमालाने पुसत बसले. स्वच्छच होता तो. तरी पुसत होते. मला ते बघवेना. मी सरळ देवासमोर गेले आणि बोलले: एकवीस दिवस कॉफी प्यायची नाही, आणि तिचा वाससुद्धा घ्यायचा नाही. ह्यांना वास नाही तर मलाही नको. एका दिवशी जरी वास घेतला, तरी मोजणी पुन्हा एकपासून.

(हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण देवासमोर उभं राहिलं की माझी जीभ सैल सुटते.)

सरावासाठी हे त्या बेटावरच्या कॉफीचा एक डबा घरी घेऊन आले होते. भाजलेले अख्खे दाणे होते. रोज सकाळी बाहेरच्या खोलीचं दार लावून घ्यायचे आणि डब्यात तोंड घालून बसायचे, विहिरीत पडलेली कळशी शोधावी तसे. मग झाकण घट्ट लावायचे, डबा कपाटात, कपाटाला कुलूप. तेवढा वेळ मी मागच्या दारी नाकाला रुमाल लावून उभी. तीन दिवस छान गेले.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमाराला हे नाकाला मोकळी हवा लागावी म्हणून फिरायला गेले होते. सासूबाई आपल्या खोलीत झोपल्या होत्या. त्यांचं घोरणं बारीक ऐकू येत होतं. मी बाहेरच्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. खिडक्या बंद. रस्ता सामसूम. आणि समोरच्या आरामखुर्चीतून कॉफीचा वास आला.

तोही नुसता वास नाही. वाफेसकट यावा तसा, गरम. जसं काही त्या खुर्चीत कोणी कप हातात धरून बसलं आहे आणि माझं काम संपायची वाट बघत आहे.

मी उठले. खुर्चीच्या बैठकीला हात लावला. गार होती. कपाटाला कुलूप होतं. स्वयंपाकघरात चूल बंद, कप पालथे. परत आले तर वास नव्हता. मी पहिल्यांदा घाबरले, आणि मग मला आठवलं की मोजणी पुन्हा एकपासून. तेव्हा रडूच आलं.

हे परत आल्यावर मी सहज विचारल्यासारखं केलं, "अहो, ती तुमची बेटावरची कॉफी... तिच्यात एवढं काय आहे?"

तीन महिन्यांत पहिल्यांदाच ह्यांचा चेहरा उजळला. "अगं, सगळं बेटच्या बेट सोडून दे. एकच डोंगर, आणि त्याचा एकच उतार, समुद्राकडचा. तेवढ्याच जागेत होते ती. दुसऱ्या मळ्याचा एक दाणा मिसळला तरी ती ती राहत नाही."

"आणि चव?"

"पहिल्या घोटाला लवंग. मग भिजलेला दगड. आणि गिळून झाल्यावर, आता संपलं असं वाटतं ना, तेव्हा धूर. विझलेल्या चुलीचा. कोणीतरी नुकतंच उठून गेलं असावं, असा."

"कोण?"

"कोण म्हणजे? चव आहे ती!"

"हो, पण उठून कोण गेलं?"

ह्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तसं बघितलं तर... त्या उतारावर एक गाव होतं. डोंगर फुटला आणि गाव राखेखाली गेलं. काही माणसं पळाली. काही नाही पळाली. पुढे कितीतरी वर्षं तिथे कोणी फिरकलं नाही. मग लोक गेले, तर घरांच्या भिंतींतून कॉफीची झाडं उगवलेली. चुलीजवळ, उंबऱ्यात, माजघरात. कोणी लावली नव्हती."

"देवा!"

"त्या राखेचीच तर चव आहे. मी एकदा गेलो होतो ना कंपनीकडून. तिथे दाणे वाळत घालणारी एक म्हातारी होती. मी मूठभर दाणे खिशात टाकले तर म्हणाली, नेताय तर न्या, पण उघडे ठेवू नका. ह्यांना घर आठवतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? डब्यात ठेवले. तू का एवढी पांढरी पडलीस?"

"थंडी आहे," मी म्हणाले. आणि खरंच थंडी होती. माझा जाड विटकरी स्वेटर सकाळपासून झोपेपर्यंत माझ्या अंगावरून निघत नव्हता.

त्या शुक्रवारी मी भांडी घासत उभी होते. पाठीमागे चुलीवर डाळ शिजत होती. आणि वास आला. ह्या वेळी खुर्चीतून नाही, माझ्या मागून. अगदी मानेशी. मी गर्रकन वळले. कोणी नाही. पुन्हा मोरीकडे तोंड केलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा तसाच वास, तसाच मागून.

मग रोजच सुरू झालं. उन्हात पाठ करून बसले की ती यायची. इस्त्री करताना यायची. चुलीकडे पाठ केली की यायचीच यायची. (मी मनातल्या मनात 'ती' म्हणायला लागले होते.) ह्या खोलीतून त्या खोलीत गेले की दोन पावलं मागे वास. थांबले की तोही थांबायचा. वळून बघितलं की मोकळी खोली, आणि भिंतीवर माझी एकटीची सावली. मी ती सावलीसुद्धा दोनदा नीट बघून घेतली.

डब्याला मी ह्यांच्याकडून सुतळी बांधवून घेतली. मग डबा ट्रंकेत घालायला लावला आणि ट्रंक माळ्यावर चढवायला लावली. हे म्हणाले, "अगं, मी सराव कशाचा करू?" मी म्हटलं, "चमच्याचा करा." डबा माळ्यावर गेला, पण ती खालीच राहिली.

इकडे नवसाची दैना झाली होती. रोज मोजणी एकपासून. शनिवार जवळ येत चालला आणि आता एकवीस दिवस बसेचनात. मी देवाशी बोलणी सुरू केली. म्हटलं, एकविसाचे अकरा कर. मग म्हटलं, सात. शेवटी म्हटलं, तीन दे, मी साखरही सोडते. देव काही बोलला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. तेवढ्यावर मी आशेने राहिले. देवाचं मौन मी नेहमी आपल्या बाजूने धरते.

एका दुपारी मात्र माझाच धीर सुटला. मी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं आणि हळूच म्हणाले, "बाई, बसा. उभ्या उभ्या दमला असाल. पण तुमचं घर इथे नाही हो. लांब आहे. आणि तुम्ही आलात की माझा दिवस मोडतो. माझ्या माणसाचं पोट आहे त्यावर. पोट जाऊ दे, त्यांचा जीव आहे त्या चमच्यात. शनिवारपर्यंत तेवढं जाऊन या कुठेतरी."

"कोणाशी बोलतेस गं?" दारात सासूबाई उभ्या होत्या.

"कोणाशी नाही."

त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या कमरेच्या जरा मागे पाहिलं. आणि निघून गेल्या. सासूबाईंनाही ती दिसते की काय?

ह्यांचं तर त्याहून विचित्र. मी समोरून गेले की ह्यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली यायचं. नजर माझ्यावर नाही. माझ्या पाठीमागे, रिकाम्या जागेवर.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग बघताय काय असे?"

"बघत नाही. तू... तू एकटीच आलीस ना आत्ता?"

"म्हणजे काय? आणखी कोण येणार?"

"नाही, नाही. एकटीच आलीस." आणि वर्तमानपत्र पुन्हा वर.

मी त्यानंतर भिंतीला पाठ लावून चालायला लागले. ह्या प्रकाराने घरातली कामं फार हळू होतात, हे कोणीही करून बघावं.

शनिवार उजाडला. नाकोबा दुपारी आले. मला वाटलं होतं, नाक म्हणजे केवढं असेल! तर बटणाएवढं. माणूस मृदू, आवाजही मृदू. आल्या आल्या म्हणाले, "कचेरीत बोलावलं असतं तर चारचौघांसमोर झालं असतं. म्हणून म्हटलं, घरीच जावं." मग खिडक्या लावून घेतल्या, काहीही शिजवायचं नाही म्हणून सांगितलं आणि पिशवीतून पाच बाटल्या काढल्या. पाचांतही दळलेली कॉफी, वर एकही चिठ्ठी नाही.

"मला फक्त उकळतं पाणी हवं," ते म्हणाले. "वहिनी, सर्दी झाली आहे का?"

माझ्या नाकावर रुमाल घट्ट बांधलेला होता.

"नवस आहे," मी रुमालातून म्हणाले.

"अस्सं," नाकोबा म्हणाले. ते पुढे काही विचारणार होते, पण सासूबाईंनी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी विचार बदलला.

किटली तापेपर्यंत मी चुलीकडे पाठ करून उभी राहिले. मग किटली नेली, पाच कपांत पाणी ओतलं. ह्यांनी चमचा काढला, पुसला, वाकले. पहिला कप. तो नेहमीचा दमल्यासारखा आवाज. दुसरा. तिसरा. ह्यांच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. मला ह्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता. चौथा. पाचवा. खोलीत घड्याळ तेवढं वाजत होतं.

"कितवा?" नाकोबांनी विचारलं.

ह्यांनी चमचा पुन्हा पुसला. मी रिकामी किटली घेऊन वळले, ह्यांच्याकडे पाठ करून स्वयंपाकघराकडे निघाले, आणि तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला. तो आवाज मी ओळखला नाही.

"हलू नकोस."

मी थिजले.

"ह्या पाचांत ती नाही," हे म्हणाले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "ती हिच्या मागे आहे."

माझ्या हातातली किटली खाली पडली. "दिसते का हो तुम्हाला?"

"दिसते? कोण?"

"ती बेटावरची बाई!"

"कुठली बाई?"

"मला काय विचारताय, तुम्हीच म्हणालात ना, मागे आहे म्हणून! केव्हापासून बघताय?"

"आठ दिवस! मला वाटलं, मला वेड लागतंय. दुसरा कसला वास नाही, फुलाचा नाही, साबणाचा नाही, आणि तू खोलीत आलीस की तेवढा हाच..."

"मग बोलला का नाहीत?"

"बायकोच्या मागे बेट येतं असं कोणाला सांगू?"

एवढ्यात नाकोबा उठले, हळूहळू चालत माझ्या मागे येऊन थांबले. हेही येऊन थांबले. मी डोळे मिटून घेतले आणि देवाचं नाव घ्यायला लागले. दोन मोठे पुरुष माझ्या पाठीशी उभे राहून श्वास ओढत होते.

"लवंग," नाकोबा कुजबुजले.

"भिजलेला दगड," हे म्हणाले.

"आणि..."

"धूर," दोघंही एकदम म्हणाले. ह्यांच्या आवाजात रडू होतं.

"पुरे झालं आता!" सासूबाई उठल्या. "माझ्या सुनेला काय ते तिघे मिळून हुंगताय?" (हुंगणारे दोघेच होते. पण त्या क्षणी तिसरी कोण, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.) "तिच्या स्वेटरची मागची पट्टी उसवा. माझा नवस आहे तो."

पट्टी उसवली. आत चिंधीची बारीक घडी, आणि तिच्यात ओळीने शिवलेले नऊ दाणे, चुलीच्या उबेने अजून गरम.

"डब्यातले?" हे ओरडले.

"मग काय माझ्या माहेरचे? कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. हरवलेली वस्तू परत हवी असेल तर तिचा अंश जवळच्या माणसाच्या कपड्यात शिवायचा. आणि सांगायचं नाही. सांगितलं की फळ जातं. आईने शिकवलंय मला. आणि हा दिवसभर हिच्याच मागे मागे, म्हणून हिच्या पाठीला."

"पण आई," मी रुमाल सोडून म्हणाले, "माझा नवस वास न घेण्याचा होता! तुमच्यामुळे तो रोज मोडत होता!"

"आणि तू पाठ भिंतीला घासत फिरत होतीस, तेव्हा माझे दाणे काय होत होते? दोनदा वाटलं, चुरा झाला आता."

म्हणजे एकाच घरात, एकाच माणसासाठी, दोन नवस एकमेकांच्या पायांत पाय घालत होते. तरी त्या माणसाचं नाक आलं, ह्यावरून देवाच्या सहनशक्तीची कल्पना यावी.

"मी ती कॉफी आणलीच नव्हती," नाकोबा हळूच म्हणाले. "पाचांत ती नाहीच. आजवर ज्याला ज्याला मी हे विचारलं, त्याने कुठला ना कुठला कप दाखवलाच. नाही म्हणणारा हा पहिला." मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सोमवारी या टेबलावर. आणि वहिनींनी तो स्वेटर धुवायला टाकावा, नाही तर टेबलावरचे सगळेच इथे येतील."

ते गेल्यावर मी सासूबाईंच्या पाया पडले. त्यांनी मला जवळ घेतलं. मग मला सुचलं म्हणून विचारलं, "आई, दाणे तुम्ही शिवलेत तरी कधी?"

"तू आंघोळीला गेली होतीस, त्या गुरुवारी. मंगळवारी नाही आणि बुधवारी नाही. गुरुवारीच शिवायचं असतं."

मी मनात दिवस मोजले. पुन्हा मोजले. आरामखुर्चीतला तो पहिला वास मंगळवारचा होता.

हे मी घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही. त्या खुर्चीत मात्र मी आता बसत नाही. दुपारी तिच्यावर एक उशी नीट करून ठेवते, एवढंच.

संध्याकाळपर्यंत ह्यांचं नाक पुरतं जागं झालं. लहान मूल घरभर रांगत फिरावं तसे हे वास घेत फिरत होते. पुस्तकं, साबण, आईची शाल. मी स्वयंपाकघरात देवाचे आभार मानत उभी होते. माझ्या नवसाचे तीन दिवस काय ते पुरे झाले होते; पण देवाने तेवढ्यावर भागवलं, ह्याने मन अगदी भरून आलं होतं. एवढ्यात हे दारात आले आणि थबकले.

"काय जळतंय?"

"काही जळत नाही. भाजी आहे."

ह्यांनी झाकण उचललं. पुन्हा ठेवलं. "अजून अशीच करतेस? रोज?"

"रोज म्हणजे? गेले चार महिने तर तुम्ही दुसऱ्यांदा मागून घेत होतात."

ह्यांनी झाकण नीट दाबून बसवलं. मग आत गेले. मी मागोमाग जाऊन पाहिलं, तर आजवर कधी देवासमोर उभे न राहिलेले माझे हे, डोळे मिटून, हात जोडून उभे. मला गहिवरून आलं. मी हळूच विचारलं, "नाक आलं म्हणून?"

"नाही," हे म्हणाले. "चार महिने नव्हतं म्हणून."